कोलंबियाची सभा आणि कागदावरची चार नावे

९ डिसेंबर २००७ रोजी, रविवारी, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या राजधानीत, म्हणजे कोलंबिया शहरात, बराक ओबामा यांची प्रचारसभा झाली. मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होते. दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध सूत्रसंचालक ऑप्रा विन्फ्री यांनी आयुष्यात प्रथमच अध्यक्षपदाच्या एखाद्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला होता आणि त्या स्वतः व्यासपीठावर येणार होत्या, त्यामुळे या सभेची चर्चा देशभर झाली. वृत्तपत्रांनी गर्दीचा आकडा २९ हजारांच्या वर दिला. त्या वर्षीच्या प्रचारात तोवर एवढी मोठी सभा कुठेच झाली नव्हती. भाषणे उत्तम झाली, पण इतक्या वर्षांनंतर मला लिहावेसे वाटते ते भाषणांविषयी कमी आणि आयोजकांनी जमलेल्या माणसांकडून जे काम करवून घेतले त्याविषयी अधिक. महाराष्ट्रातल्या सभा लहानपणापासून पाहत आलेल्या मला ती गोष्ट सर्वस्वी नवीन होती.

आधी निवडणुकीच्या पद्धतीविषयी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. प्रत्येक राज्यात त्यासाठी मतदान होते आणि त्या मतांनुसार पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निरनिराळ्या इच्छुकांच्या वाट्याला येतात. बहुतेक राज्यांत या मतदानाला प्रायमरी म्हणतात. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रमात आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा यांच्यानंतर साउथ कॅरोलायनाचा क्रमांक होता. दक्षिणेकडील राज्यांपैकी हे पहिले, आणि सुरुवातीच्या राज्यांपैकी जिथे डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांची संख्या निम्म्याहून अधिक असते असे हे एकमेव. इथे मतदारयादीत पक्षाची नोंद नसते. ज्याचे नाव यादीत आहे तो कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. दोन्हींत मात्र देता येत नाही. म्हणजे सभेला आलेला प्रत्येक नोंदणीकृत मतदार हा खरोखरच उमेदवार ठरवणारा मतदार असू शकत होता. न्यू यॉर्कसारख्या राज्यात, जिथे पक्षाकडे आधीच नाव नोंदवलेले नसेल तर प्रायमरीत मतच देता येत नाही, तिथे अशा गर्दीचा अर्थ निराळा लावावा लागतो.

तिकिटे विनामूल्य होती, पण ती मिळवायला प्रचार कार्यालयात जावे लागत होते. मी गेले तेव्हा कार्यालयाबाहेर रांग होती आणि आत तीन-चार लांब टेबलांमागे विद्यार्थी स्वयंसेवक बसले होते. त्यांच्यासमोरच्या कार्डावर नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि आपण कोणत्या जिल्ह्याचे मतदार आहोत ते लिहायचे आणि ते कार्ड दिल्यावर तिकीट घ्यायचे, असा व्यवहार होता. प्रचारासाठी काही तास काम करण्याची तयारी आहे का, असा प्रश्नही कार्डावरच छापलेला होता. मी मतदार नाही, विद्यार्थी व्हिसावर आहे, हे मी आधीच सांगितले. समोरच्या मुलीने हसून शेजारच्या जाणत्या सहकाऱ्याला बोलावले आणि त्याने मला नियम नीट समजावून सांगितला: परदेशी नागरिकाला मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करता येते, देणगी मात्र एका डॉलरचीही देता येत नाही. टी-शर्ट किंवा बिल्ला विकत घेतला तरी त्याची किंमत देणगी म्हणून नोंदली जाते, तेव्हा तेही घेऊ नका, असे त्याने बजावले. निवडणूक कायद्याचा एवढा बारकावा तिकीट वाटणाऱ्या माणसाला ठाऊक असावा याचे मला फार कौतुक वाटले.

सभा आधी विद्यापीठाजवळच्या बंदिस्त क्रीडागृहात व्हायची होती. तिथे १८ हजार माणसे बसतात. मागणी इतकी वाढली की ती विल्यम्स-ब्राइस स्टेडियमवर हलवावी लागली. हे विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे मैदान. क्षमता सुमारे ८० हजारांची, आणि हंगामात शनिवारी तिथे सामना असला की अर्धे शहर तिकडे लोटते. मैदान मोठे घेण्यात धोका असतो, कारण रिकाम्या खुर्च्या छायाचित्रात दिसतात. आयोजकांनी व्यासपीठ अशा रीतीने उभारले होते की एका बाजूचा भाग गच्च भरावा आणि उरलेला पाठीमागे जावा. आपल्याकडे सभेच्या आदल्या रात्री मैदानाचा किती भाग कनातीने झाकायचा यावर कार्यकर्त्यांत जी खलबते चालतात, तशीच ती तिथेही झाली असणार.

डिसेंबर असूनही हवेत उबारा होता. स्टेडियमसमोरच राज्याच्या वार्षिक जत्रेचे विस्तीर्ण पटांगण आहे. तिथे आणि आसपासच्या रस्त्यांवर गाड्या लागलेल्या होत्या आणि माणसे चर्चमधली प्रार्थना आटोपून थेट आलेली दिसत होती. बायकांच्या डोक्यांवर रुंद काठांच्या टोप्या, पुरुषांचे सूट, मुलींच्या केसांत रिबिनी. चर्चमधून एकत्र निघून बसने आलेले गट आपापल्या पाटीमागे उभे होते. ही माणसे पैसे देऊन आणलेली नव्हती, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होते. आजी, सून, नात अशी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे हात धरून रांगेत उभी होती. श्वेतवर्णीय विद्यार्थीही बरेच होते, पण गर्दीचा मोठा भाग कृष्णवर्णीय होता.

ओबामांना मे २००७ पासूनच सीक्रेट सर्व्हिसचे संरक्षण होते, त्यामुळे प्रवेशद्वारांवर धातुशोधक चौकटी लावलेल्या होत्या. पर्स उघडून दाखवायची, फोन आणि कॅमेरा चालू करून दाखवायचा, पाण्याची बाटली बाहेर ठेवायची. रांग हळूहळू सरकत होती आणि त्या रांगेतून मागे-पुढे फिरणारे स्वयंसेवक सतत विचारत होते: तुमचे नाव मतदारयादीत आहे का? पत्ता बदलला आहे का? नसेल तर इथेच अर्ज भरा. मतदानाला त्या वेळी जवळजवळ सात आठवडे होते आणि नोंदणीची मुदत संपलेली नव्हती. म्हणजे ही सभा अशा दिवशी ठेवली होती की तिथे भरलेला अर्ज वेळेत पोहोचावा. माझ्यापुढच्या दोन मुलांनी रांगेत उभ्या-उभ्याच, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून, अर्ज भरले.

रांगेत माझ्या शेजारी सत्तरीच्या घरातल्या एक बाई होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला विचारले, तुमच्या देशात पक्षाचा उमेदवार कोण ठरवतो? मी सांगितले की पक्षाचे वरिष्ठ नेते ठरवतात. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडेही एके काळी लोक ठरवत होते, पण त्या लोकांत आम्ही नव्हतो.’’ मग त्यांनी आपल्या वडिलांची हकिकत सांगितली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे वडील पहिल्यांदा डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायला गेले. त्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. वडिलांनी रविवारचा सूट घातला होता आणि आईने दार लावून घेऊन मुलांना दिवसभर बाहेर सोडले नव्हते, एवढे त्यांना आठवत होते.

तो इतिहास मी नंतर ग्रंथालयात बसून वाचला. दक्षिणेत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचे इतके वर्चस्व होते की प्रायमरी जिंकणारा उमेदवार निवडून आल्यातच जमा असे. खरी निवडणूक तीच. आणि त्या निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मत देता येई. १९४४ मध्ये टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने प्रायमरीशी संबंधित आपले सारे कायदे रद्द केले, म्हणजे पक्ष ही खासगी संस्था आहे आणि तिच्या कारभारात घटनेचा संबंध नाही, असे म्हणता यावे. कोलंबियातच छोटे दुकान चालवणारे जॉर्ज एल्मोर यांना १९४६ च्या प्रायमरीत मत नाकारले गेले आणि त्यांनी खटला भरला. वकील थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली. १९४७ च्या जुलैमध्ये न्यायाधीश वॉटीझ वेअरिंग यांनी एल्मोर यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांनी प्रायमरीत मत दिले. एल्मोर यांना त्याची किंमत मोजावी लागली. व्यापाऱ्यांनी माल देणे बंद केले, धमकी म्हणून घरासमोर क्रूस जाळला गेला, धंदा बसला. ते १९५९ मध्ये हलाखीत वारले. ज्या शहरात हे घडले त्याच शहरात आपण रांगेत उभे होतो, हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर त्या बाईंना मी आणखी कितीतरी प्रश्न विचारले असते.

प्रायमरी ही कल्पना आपल्याला पूर्णपणे परकी आहे असेही नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या पुणे करारात ती आहे. राखीव जागांवरची निवडणूक संयुक्त मतदारसंघातून व्हायची, परंतु त्याआधी फक्त दलित मतदारांनी आपल्यातून चार उमेदवारांची निवड करायची आणि त्या चौघांतून सर्वांनी मिळून एकाला निवडायचे, अशी तरतूद त्यात होती. उमेदवार कोण हे ठरवण्याचा अधिकार हातात नसेल तर मताच्या अधिकाराला धार राहत नाही, ही डॉ. आंबेडकरांची चिंता त्या कलमामागे होती. ती व्यवस्था दहा वर्षांपुरतीच होती आणि पुढे ती लयाला गेली. आपल्या राजकारणाच्या अभ्यासकांनी या कलमाकडे आजवर दिले त्याहून पुष्कळ अधिक लक्ष द्यायला हवे, असे माझे मत आहे. पक्षांतर्गत निवडणुकीची चर्चा आपल्याकडे निघाली की ती परदेशी कल्पना म्हणून बाजूला सारली जाते. येरवड्यातला कागद मात्र कोणी समोर ठेवत नाही.

आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला गेला. वरच्या भागात सभेविषयी माहिती होती. खाली चार नावे आणि त्यांच्यापुढे फोन क्रमांक. ही राज्यातल्या मतदारांची नावे होती. माझ्या कागदावर दोन क्रमांक ८०३ ने सुरू होणारे, म्हणजे कोलंबिया आणि भोवतालचा मध्य भाग; एक ८६४ चा, म्हणजे ग्रीनव्हिलकडच्या डोंगराळ पट्ट्यातला; आणि एक ८४३ चा, म्हणजे किनाऱ्याकडचा. नावांखाली काय बोलायचे त्याची दोन-तीन वाक्ये छापलेली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जागा शोधायला लागले.

मुख्य वक्ते यायला वेळ होता. गॉस्पेल गाणी चालू होती, लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. मग प्रचारयंत्रणेतला एक तरुण ध्वनिक्षेपकापाशी आला आणि त्याने सगळ्यांना खिशातले फोन बाहेर काढायला सांगितले. पहिले काम: ६२२६२ या क्रमांकावर संदेश पाठवायचा. फोनच्या बटणांवर ओबामा हे नाव टिपले की हाच आकडा येतो. संदेश गेला की तो फोन क्रमांक प्रचाराच्या यादीत दाखल. दुसरे काम: हातातल्या कागदावरच्या चौघांना आत्ताच्या आत्ता फोन लावायचा, आपण कुठून बोलतो ते सांगायचे आणि २६ जानेवारीला ओबामांना मत द्या अशी विनंती करायची.

हजारो माणसे एकाच वेळी फोनवर बोलू लागली तेव्हा जो आवाज झाला तसा मी पुन्हा कुठेही ऐकलेला नाही. घोषणांचा आवाज एका लयीत येतो; हा तसा नव्हता. प्रत्येक जण आपल्या फोनमध्ये, आपल्या पद्धतीने, कोणा अनोळखी माणसाशी बोलत होता, कान झाकून, मान खाली घालून. टोपी घातलेल्या एक आजी नातीकडून क्रमांक लावून घेत होत्या आणि फोन लागला की खणखणीत आवाजात आधी आपल्या चर्चचे नाव सांगत होत्या, मग स्वतःचे, आणि मग उमेदवाराचे. विद्यार्थी पायऱ्यांवर बसून एकमेकांचे फोन वापरत होते, कारण जाळ्यावर इतका ताण आला होता की फोन लागेनासे झाले होते.

माझा पहिला क्रमांक बराच वेळ वाजला आणि यंत्रावर गेला. मी निरोप ठेवला. दुसऱ्या क्रमांकावरचे गृहस्थ वयस्क होते. त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की बिल क्लिंटन अध्यक्ष असताना आमच्या घरात दोघांना नोकऱ्या होत्या, ते मी विसरणार नाही, माझे मत हिलरी क्लिंटन यांनाच. मी आभार मानले. त्या गृहस्थांचे म्हणणे मला आजही पटण्यासारखे वाटते. मत देण्यासाठी याहून चांगले कारण फार थोड्यांकडे असते. ८६४ चा क्रमांक बंद होता. किनाऱ्याकडच्या बाईंना मात्र मी कुठून बोलते हे कळताच त्यांनी विचारले, ऑप्रा खरेच आल्या आहेत का? अजून यायच्या आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, जरा फोन उंच धर. मी हात वर करून फोन धरला आणि त्यांनी तिकडून मैदानाचा आवाज ऐकला. मग म्हणाल्या, माझे अजून ठरलेले नाही, पण तुम्ही लोकांनी फोन केला हे चांगले केले, आजवर मला असा कोणी फोन केलेला नाही. त्यांचे शेवटचे वाक्य मी कागदाच्या कडेला लिहून ठेवले.

त्या काही मिनिटांत ३६ हजारांहून अधिक फोन झाले, असे आयोजकांनी नंतर सांगितले आणि तो विक्रम असल्याचेही जाहीर केले. विक्रमाचे मला फारसे महत्त्व वाटले नाही. महत्त्वाचे हे होते की ऐकायला आलेल्या माणसाने भाषण सुरू होण्याआधीच उमेदवारासाठी एकदा तोंड उघडले होते. आपण कोणाला तरी मत मागितले, ही जाणीव माणसाला बांधून घेते. जो एकदा अनोळखी माणसाला फोन करतो त्याला दुसऱ्यांदा करायला अवघड जात नाही.

मग भाषणे झाली. मिशेल ओबामा आधी बोलल्या. त्यांचे मूळ याच राज्यात आहे. त्यांचे आजोबा जॉर्जटाउनचे. त्या माणसे ओळखीची असल्यासारख्या बोलल्या. ऑप्रा यांनी सांगितले की राजकारणात उतरण्याची ही त्यांची पहिलीच वेळ आहे आणि आपण हे का करतो ते त्यांनी सविस्तर मांडले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वप्न पाहिले, आता नुसते स्वप्न पाहत राहण्याची गरज नाही, मत देऊन ते प्रत्यक्षात आणता येईल, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य आले तेव्हा माझ्या मागच्या रांगेतली माणसे उठून उभी राहिली आणि बराच वेळ बसली नाहीत. ओबामांनी इराक युद्धाला आपण २००२ मध्येच विरोध केला होता याची आठवण दिली. आरोग्यविमा, शिक्षण, नोकऱ्या यांवर ते बोलले. ‘‘फायर्ड अप! रेडी टू गो!’’ ही घोषणा लोकांनी त्यांच्याबरोबर दिली. या घोषणेचे नाते याच राज्याशी आहे. ग्रीनवुड नावाच्या गावी, पावसाळी सकाळी, जेमतेम वीस माणसे जमलेल्या बैठकीत तिथल्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कौन्सिलच्या सदस्य एडिथ चाइल्ड्स यांनी ती घोषणा दिली आणि थकलेल्या उमेदवाराचा उत्साह परत आला, ही हकिकत ओबामा त्या मोसमात ठिकठिकाणी सांगत असत. वीस माणसांच्या बैठकीत जन्मलेली घोषणा २९ हजारांच्या तोंडी ऐकताना अंगावर काटा आला.

बाहेर पडण्याच्या वाटांवर पुन्हा टेबले होती. वापरलेले कागद परत घेतले जात होते, काम करू इच्छिणाऱ्यांची नावे गावा-मोहल्ल्याप्रमाणे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवली जात होती आणि पुढच्या शनिवारी कोणत्या वस्तीत घरोघरी जायचे ते तिथल्या तिथे ठरत होते. शिवाजी पार्कवरच्या सभा मी ऐकल्या आहेत. तिथले वक्तृत्व, तिथली गर्दीची नाडी ओळखणारी भाषणे, यांना तोड नाही. पण सभा संपली की माणूस दादर स्टेशनकडे चालू लागतो आणि पक्षाला त्याचे नावही ठाऊक नसते. मैदान भरले, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आले, एवढ्यावर काम झाले असे धरले जाते. निष्ठावान कार्यकर्त्यांचे जाळे आपल्याकडे आहे, शाखा आहेत, घरोघर जाणारी माणसे आहेत. परंतु सभेला आलेल्या सामान्य माणसाला त्याच दिवशी, त्याच जागी, कामाला लावण्याची रीत मी कुठल्याच पक्षात पाहिली नव्हती.

पुढचे आठवडे मी सवडीप्रमाणे घरोघरी फिरले. प्रत्येक घरापुढे १ ते ५ असा आकडा लिहायचा: १ म्हणजे पक्का पाठीराखा, ३ म्हणजे न ठरवलेला, ५ म्हणजे विरोधी. प्रचाराची माणसे केशकर्तनालयांत आणि ब्यूटी पार्लरमध्येही जात, कारण कृष्णवर्णीय वस्त्यांत खऱ्या चर्चा तिथे होतात. त्या दारांवर मी जे ऐकले त्याने सभेतला उत्साह मला नीट तोलता आला. तोवर राज्यातल्या जनमत चाचण्यांत क्लिंटन यांचेच नाव बहुधा पुढे असे. वृद्ध माणसे सांगत, मुलगा फार चांगला आहे, पण गोरे लोक त्याला मत देणार नाहीत, मग आपले मत वाया का घालवायचे? काही बायकांची भीती याहून खोल होती. त्याला मत दिले आणि तो जिंकला, तर त्याचा जीव घेतील. त्यापेक्षा मत न देऊन त्याला वाचवू, असे त्या शांतपणे म्हणत. १९६८ मधली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या पाहिलेल्या माणसांना यावर काय उत्तर द्यायचे? आम्ही वाद घालत नसू. मिशेल ओबामा नोव्हेंबरात ऑरेंजबर्गच्या विद्यापीठात याच भीतीविषयी बोलल्या होत्या, तेवढे सांगून पत्रक ठेवून येत असू.

३ जानेवारीला आयोवाचा निकाल लागला. जिथे लोकसंख्येत गोऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे तिथे ओबामा जिंकले आणि त्या एका रात्रीत पहिल्या शंकेचे उत्तर मिळाले. ज्या दारांवर ३ लिहिले होते तिथे पुन्हा गेल्यावर माणसे आधीच बोलू लागत. ८ जानेवारीला न्यू हॅम्पशायर हातचे गेले, तरी इथला कल फिरला नाही. आयोवा नसते तर डिसेंबरातल्या सभेचे काय झाले असते, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. गर्दीने मत बदलले असे मी म्हणणार नाही. परंतु मत बदलण्याची वेळ आली तेव्हा ते टिपून घ्यायला, त्या माणसाला मतदान केंद्राचा पत्ता सांगायला आणि त्याला तिथवर न्यायला माणसे तयार होती, आणि त्यांतली कितीतरी त्या रविवारी मिळाली होती.

२६ जानेवारीला शनिवार होता. केंद्रे सकाळी ७ ते संध्याकाळी ७ उघडी होती. माझ्याकडे एक ज्येष्ठ दांपत्य आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी काही जणांना गाडीने केंद्रावर पोहोचवण्याचे काम होते. केंद्राच्या दोनशे फुटांच्या आत प्रचार करायला बंदी असल्यामुळे गाडीवरचे स्टिकर आदल्या रात्रीच काढले होते. शाळेच्या व्यायामशाळेत टचस्क्रीनची यंत्रे मांडलेली. माझ्याबरोबरच्या आजोबांनी बाहेर येताना छातीवर मत दिल्याचा स्टिकर लावून घेतला आणि बायकोचाही सरळ करून दिला.

निकाल लवकर लागला. ओबामांना ५५ टक्के, क्लिंटन यांना सुमारे २७ आणि तिसरे इच्छुक जॉन एडवर्ड्स यांना १८ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. ४६ पैकी ४४ काउंट्या ओबामांच्या. किनाऱ्यावरची हॉरी क्लिंटन यांच्याकडे आणि एडवर्ड्स यांची जन्मभूमी असलेली ओकोनी त्यांच्याकडे गेली. ४५ प्रतिनिधींपैकी २५ ओबामांच्या वाट्याला आले. श्वेतवर्णीय मतदारांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याने त्यांना मत दिले होते. २००४ मध्ये या पक्षाच्या प्रायमरीत तीन लाखांहून कमी माणसांनी मतदान केले होते. या वेळी आकडा ५ लाख ३२ हजारांवर गेला. आठवड्यापूर्वीच झालेल्या रिपब्लिकन प्रायमरीपेक्षाही तो जास्त होता, आणि तेही वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मत देत आलेल्या राज्यात.

त्या रात्री शहरातल्या संमेलन केंद्रात विजयसभा झाली. मी पोहोचले तेव्हा आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. ५ फेब्रुवारीला वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी मतदान व्हायचे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयातल्या त्याच लांब टेबलांवर शेजारच्या जॉर्जियातल्या मतदारांच्या याद्या आल्या आणि आम्ही तिकडचे क्रमांक लावायला बसलो.